नवी तलंग आणण्याआधी तिची जागा करा



या पानावर एरवी लागण, खोडवा, बेणे आणि खते हाच विषय असतो आणि तो असायलाच पाहिजे. परंतु गटातल्या वस्त्यांवर फिरताना उसाच्या चौकशीबरोबर आणखी एक तक्रार वारंवार कानी येते. "साहेब, बाजारातनं दोन तलंगा आणल्या. आठ दिवसांत एक टोचून मारली, दुसरी पंख पाडून बसलीय." सांगणाऱ्या बहुधा आमच्या भगिनीच असतात. घरधनी शेजारी उभा राहून हसतो आणि म्हणतो, "कोंबडीचं काय घेऊन बसलीस? साहेबांना फड दाखव आधी." माझ्या मते ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

उसाचं बिल येतं ते वर्षाकाठी, हप्त्याहप्त्यानं, आणि ज्याच्या नावावर शेअर आहे त्याच्या खात्यावर. त्यातून सोसायटीचं कर्ज वळतं होतं, खताची उधारी भागते. अंड्याचा पैसा मात्र आठवड्याच्या आठवड्याला येतो आणि तो घरधनिणीच्या हातात राहतो. पोराची वही, एस.टी.चं तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी हे सगळं त्यातून निघतं. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. अंडं दहा रुपयाला धरलं तरी अंड्यावर येण्याच्या तोंडावर मेलेली एक तलंग म्हणजे सहाशे-सातशे रुपयांचं उत्पन्न बुडालं. शिवाय ती विकत घेतलेले आणि चार महिने खाऊ घातलेले पैसे वेगळेच. अशा तीन गेल्या, तर त्या घरातल्या बाईची वर्षाची शिल्लक गेली. आणि एवढं होऊनही आपण म्हणतो, "कोंबडीच नाजूक होती," किंवा "दृष्ट लागली." माझं म्हणणं थोडक्यात असं, की तलंग नाजूक नव्हती आणि दृष्टही लागली नाही. तिला जागा न करता आपण घाईनं खुराड्यात सोडली, म्हणून ती गेली.

आता हे का होतं ते पाहू. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, तिला कोणी टोचत नाही. दुसरी फक्त पहिलीला भिऊन असते. असं करत करत शेवटची सगळ्यांकडून टोचून घेते. नॉर्वे देशातील थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे या अभ्यासकानं १९२१ च्या सुमारास हे पद्धतशीर मांडलं आणि तेव्हापासून जगभर या गोष्टीला 'टोचण्याचा क्रम' म्हणून ओळखतात. आपल्या आयाबायांना हे न वाचताच ठाऊक आहे. अंगणात दाणे टाकले की कोणती कोंबडी आधी पुढे येते आणि कोणती कडेला थांबते, हे त्या नावानिशी सांगतील.

एकदा पायऱ्या ठरल्या की कळपात शांतता असते. नुसती मान वर केली तरी खालची बाजूला सरते, मारामारीची गरज पडत नाही. पण नवी कोंबडी आत आली की ही घडी विस्कटते. प्रत्येकीला तिच्याशी आपली पायरी नव्यानं ठरवायची असते. नवी जर वयानं आणि अंगानं लहान असेल, तर तिची पायरी तळालाच लागणार. आणि इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बहुतेक तलंगा टोचून मरत नाहीत. त्या उपाशी आणि तहानलेल्या मरतात. भांडं एकच, पाण्याची थाळी एकच, आणि दोन्हीपाशी मोठ्या कोंबड्या उभ्या. ती पुढे येते, टोच खाते, कोपऱ्यात जाऊन उभी राहते. आपल्याला वाटतं ती लाजतेय. चार दिवसांनी हातात घ्यावी तर छातीचं हाड बोटाला लागतं.

ऊस उत्पादकाला हे समजायला अवघड नाही. खोडव्यात नांगे भरताना आपण काय करतो? जुन्या बुडख्यांची मुळं जमिनीत पसरलेली, फुटवे जोरात निघालेले. अशा ठिकाणी आपण नुसती कांडी टोचली, तर ती उगवून वर येईपर्यंत शेजारच्या बेटांनी सावली धरलेली असते. ती पिवळी पडते आणि जाते. म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडून सांगतो, की नांगे भरायचे ते पिशवीत वाढवलेल्या, अंगात जोर आलेल्या रोपांनी भरा, आणि वेळेवर भरा. तलंगेचंही तेच आहे. तिला आधी वेगळी वाढवा, जुन्यांच्या अंगाबरोबरीची करा आणि मग कळपात लावा.

यावर कोणी म्हणेल, "आमच्या आजीनं कधी कोंबडी वेगळी ठेवली नाही, आणि तिच्या दारात पन्नास कोंबड्या होत्या." हे खरं आहे, आणि याचं उत्तर शोधण्यासाठी मी तुम्हाला घाटाखाली नेतो. माझं आजोळ रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातलं पोशीर. तिथून वाहणारी पोशीर नदी पुढे उल्हास नदीला मिळते. तिथे ऊस नाही, भात आहे. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तिथल्या जुन्या घरांतून, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्यांतून, कोंबडी बाजारातून क्वचितच यायची. घरचीच कोंबडी खुडूक बसायची, तिच्याखाली अंडी मांडायची, आणि पिल्लं आईच्या पंखाखाली त्याच अंगणात वाढायची. कोणी मोठी कोंबडी टोचायला आली तर आई अंगावर धावायची. म्हणजे पिल्लू लहानपणापासून कळपाच्या डोळ्यासमोर होतं, कळपाला ते 'नवं' नव्हतंच. शिवाय दिवसभर मोकळं रान. भात कापल्यावर खाचरं उघडी, बांधाला झुडपं, परसात लाकडाचा ढीग. दुबळ्या कोंबडीला पळायला आणि लपायला जागा होती. रात्री ती डाल्याखाली किंवा पडवीतल्या खुराड्यात यायची.

आज काय झालं आहे? तलंग येते ती उबवणी केंद्रातून किंवा बाजारातून. तिला आई कधी मिळालीच नाही. जात सुधारित, गिरिराज, वनराज किंवा ग्रामप्रिया, आणि कळपात जुन्या गावरान कोंबड्या. आणि आपण बांधतो ते दहा बाय दहाचं जाळीबंद खुराडं. मुंगूस, रानमांजर आणि कुत्रं बाहेर राहावं म्हणून जाळी पाहिजेच, पण त्याच जाळीनं दुबळीची पळवाटही बंद झाली. आजीच्या अंगणात जे आपोआप होत होतं, ते आता आपल्याला हातानं करावं लागेल.

पोशीरकडे आणखी एक गोष्ट दिसते. तिथे जून ते सप्टेंबर कोंबड्यांना बाहेर पडताच येत नाही. झड आली की सगळ्या पडवीत, नाही तर खुराड्यात कोंडलेल्या. नेमकी त्याच दिवसांत आषाढ अमावास्या, म्हणजे गटारी, येते. तिच्यासाठी बाजारातून पाच कोंबड्या आणायच्या, तीन कापायच्या आणि उरलेल्या दोन "आता श्रावण लागला, राहू देत" म्हणून खुराड्यात ढकलायच्या, हा प्रकार घाटाखालीही चालतो आणि आपल्याकडेही. बाजारचा माल, कोंदट जागा, ओली गादी आणि पळायला वाव नाही, अशा चारही वाईट गोष्टी एकाच वेळी जमून येतात. म्हणून माझा आग्रह आहे, की कळपात भर घालायची तर दिवाळीनंतर घाला. हवा कोरडी असते, दिवस उघडा असतो, आणि पाऊस सुरू होईपर्यंत नव्या-जुन्यांची घडी बसलेली असते.

आता रोगाचं. बेण्याच्या बाबतीत आपण किती सावध असतो! अनोळखी प्लॉटातलं बेणं आणलं की त्याबरोबर काणी येते, गवताळ वाढ येते, हे तुम्ही सगळे जाणता. म्हणून तर बेणेमळ्याचा खटाटोप. मग अनोळखी दारातली कोंबडी सरळ आपल्या कळपात कशी सोडता? राणीखेत, म्हणजे ज्याला आपण मानमोडी म्हणतो, तो रोग एका कोंबडीवरून सगळ्या खुराड्यात जातो आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं करतो. देवी, सर्दी, उवा, पिसवा याही नव्या कोंबडीबरोबरच येतात. दिसायला ती ठणठणीत असते. रोग अंगात मुरलेला असतो आणि प्रवासाच्या ताणानं तो वर येतो. बर्ड फ्लू तर आपल्या राज्याला नवीन नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो आला तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यातल्या चिरनेरला तो आढळला. कोंबड्या अचानक आणि एकदम मरू लागल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, मेलेली कोंबडी नाल्यात टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.

तेव्हा सांगायचं ते हे, की कोंबडी आणण्याआधी दुसरं लहान खुराडं बांधा. ते फार खर्चाचं नाही. दोन-तीन तलंगांना दोन फूट रुंद, तीन फूट लांब एवढी रात्रीची जागा पुरते, दिवसा मात्र अंग मोकळं करायला जाळीची थोडी मोकळी जागा लागते. बांबू, जुनी फळकुटं, वर पत्रा किंवा कौलं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा, म्हणजे ओल येत नाही आणि साप-मुंगसाचा उपद्रव कमी होतो. छपराची वळचण पुढे काढा. भिंतीच्या वरच्या भागाला जाळी ठेवा, हवा खेळती राहू द्या. पहिले तीन आठवडे हे खुराडं जुन्या खुराड्यापासून घराच्या दुसऱ्या बाजूला असावं. आधी जुन्या कोंबड्यांचं दाणापाणी करा, नंतर नव्यांचं, आणि मग हातपाय धुवा. भांडी वेगळी ठेवा. या तीन आठवड्यांत नव्यांची विष्ठा, डोळे, नाक, तुऱ्याचा रंग रोज पाहा. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा आहेत का, तेही पाहा.

तीन आठवडे निर्धास्त गेले की चौथ्या आठवड्यात नव्यांना जुन्यांच्या शेजारी आणा, पण मध्ये जाळी ठेवा. एकमेकींना पाहू द्या, आवाज ऐकू द्या, जाळीच्या दोन्ही बाजूंना भांडी ठेवून एकाच वेळी खाऊ द्या. सुरुवातीला जुन्या जाळीवर चोची मारतील, पिसं फुलवतील. आठ-दहा दिवसांत त्यांना कंटाळा येतो. तो आला की निम्मं काम झालं.

मग एके संध्याकाळी, अंधार पडल्यावर, नव्यांना उचलून जुन्यांच्या दांडीवर बसवा. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती रात्री भांडत नाही. सकाळी सगळ्या एकत्रच उठतात. रात्री बसवली म्हणजे टोचणं अजिबात होणार नाही, असं मात्र समजू नका. दुसऱ्या दिवशी पहाटेच खुराडं उघडा आणि तासभर लक्ष ठेवा. थोडी टोचाटोची, थोडा पाठलाग व्हायचाच. त्यात पडू नका. पण रक्त निघालं तर मात्र लगेच ती कोंबडी बाहेर काढा, जखम पुसून हळद लावा आणि भरेपर्यंत वेगळी ठेवा. लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात, मग ती वाचत नाही.

आणखी काही गोष्टी. एकटी तलंग आणू नका, निदान दोन आणा. सगळा मार एकीवर पडत नाही आणि एकमेकींच्या आधारानं त्या खातात. अंगानं जुन्यांच्या बरोबरीला आल्याशिवाय मिसळू नका, म्हणजे साधारण सोळा आठवडे होऊ द्या. दाणा आणि पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि तीही एकमेकांपासून दूर, म्हणजे एक कोंबडी सगळ्यांवर पहारा करू शकणार नाही. खुराड्यात रात्रीसाठी दर कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा आणि दांडीवर आठ-दहा इंच पाहिजे. दांड्या सगळ्या एका उंचीला बांधा, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज भांडण. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोकं ठेवा. मोकळ्या जागेत एखादं उलटं डालं, फळी किंवा काट्याकुट्यांचा लहान ढीग ठेवा, म्हणजे दुबळीला आडोसा मिळेल.

खाद्याबद्दल एक चूक सर्रास दिसते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात चुन्याचा अंश भरपूर असतो. अंड्यावर न आलेल्या तलंगेला ते महिनोन् महिने घातलं तर तिची मूत्रपिंडं बिघडतात. मिश्र कळप झाला की सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला लागेल ती खाईल.

गादीसाठी पोशीरकडे भाताचा तूस वापरतात, तो उत्तम. आपल्याकडे कारखान्याचा बगॅस, म्हणजे चोथा, वापरता येतो, परंतु तो कडक वाळलेला पाहिजे. ओल्या बगॅसला बुरशी येते आणि ती बुरशी श्वासावाटे जाऊन कोंबडीची फुप्फुसं धरते. पाचट मात्र खुराड्यात घालू नका, ते भिजलं की थापी होते. पाचटाची जागा सरीत आहे. गादी आठवड्याला उकरून खालीवर करा. खुराड्यात शिरताना तुमच्या डोळ्यांना पाणी आलं, तर कोंबडीला ते चोवीस तास येतं आहे असं समजा.

राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट, २५ माद्या आणि ३ नर, निम्म्या अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. योजना चांगली, यात वाद नाही. पण आठ-दहा आठवड्यांची तलंग जुन्या कळपात सोडायला निदान सहा ते आठ आठवडे अवकाश असतो. ज्या घरात आधीच कोंबड्या आहेत, तिथे हा गट उतरण्याआधी वेगळी जागा तयार आहे का, हे कोणीतरी विचारलं पाहिजे. शासन असो, संस्था असो वा बाजारातला व्यापारी असो, तलंग देणाऱ्यानं तिला कोणती लस कधी दिली हे लिहून द्यावं, आणि घेणाऱ्यानं ते मागून घ्यावं. बेण्याला आपण प्लॉट नंबर विचारतो, मग इथे संकोच कसला?

शेवटी सहकाराची गोष्ट. राणीखेतची लस अगदी पहिल्या आठवड्यात एकदा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी ही दुसऱ्यांदा टोचतात. लसीच्या एका कुपीत निदान शंभर मात्रा असतात. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घरानं एकट्यानं कुपी फोडायची म्हणजे ब्याण्णव मात्रा ओतून द्यायच्या. म्हणून कोणी लसच टोचत नाही, आणि मानमोडी आली की गल्लीच्या गल्ली साफ होते. दहा-बारा घरं एकत्र आली तर एक कुपी सगळ्यांना पुरते. माझी सूचना अशी, की प्रत्येक वस्तीवरच्या भगिनींनी मिळून एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्याशी आधी बोलून ठेवावं, आणि त्या दिवशी सगळ्यांच्या कोंबड्यांना लस टोचून घ्यावी. तलंगाही मिळूनच, एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून आणाव्यात. एक वयाच्या, एक लसीच्या. तीन आठवड्यांचं वेगळं खुराडंही मग पाच घरांत एक पुरेल. हंगामात तोडणीला आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांवर कोंबड्या असतात, त्यांनाही त्याच दिवशी बोलवा. त्यांच्या आणि आपल्या कोंबड्या एकाच बांधावर चरतात. त्यांची वाचली तरच आपली वाचते.

या सगळ्याला महिना लागतो. महिना फार वाटतो, हे मला मान्य आहे. परंतु आडसाली उसाला आपण दीड वर्ष थांबतो आणि कांडीला डोळा फुटेपर्यंत रोज सरीवर जाऊन पाहतो. जिच्या अंड्यावर घरातल्या बाईची शिल्लक उभी आहे, त्या तलंगेसाठी महिनाभर थांबणं जड नाही. बंधूंनो, पुढच्या बाजाराला तलंगा आणायचा विचार असेल, तर या आठवड्यात चार बांबू आणि हातभर जाळी आणून वहिनींच्या हाताशी राहून खुराडं बांधून द्या. तलंग त्यानंतर आणा.

— ऊस विकास अधिकारी